प्रभूची प्रार्थना : इच्छांना क्रम लावणाऱ्या सात मागण्या

ख्रिस्ती धर्मातील सर्वांत परिचित प्रार्थना म्हणजे ‘प्रभूची प्रार्थना’. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि प्रोटेस्टंट पंथांत मतभेद पुष्कळ असले तरी ही प्रार्थना सगळ्यांची आहे. रविवारच्या उपासनेत, कॅथलिकांच्या मिस्सात, रोझरीच्या माळेवर, आजाऱ्याच्या उशाशी आणि दफनभूमीवर ती म्हटली जाते. मिशनच्या शाळेत शिकलेल्या अनेक बिगरख्रिस्ती मराठी माणसांनाही ती तोंडपाठ असते. सावकाश म्हटली तरी अर्ध्या मिनिटात संपते.

या अर्ध्या मिनिटात एक कोडे दडलेले आहे. मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू ही प्रार्थना शिकवतो, पण त्याआधी लगेच तो शिष्यांना बजावतो, की त्यांच्या गरजा देवाला त्यांनी मागण्याआधीच माहीत असतात. तेव्हा शब्दांचा पसारा नको. देवाला सगळे आधीच ठाऊक असेल तर मागायचे कशाला? आणि मागायचेच असेल तर रोज त्याच शब्दांत का?

या प्रश्नाला इसवी सनाच्या पाचव्या शतकात उत्तर आफ्रिकेतील बिशप ऑगस्टीन यांनी उत्तर दिले. रोम शहर ४१० मध्ये लुटले गेल्यावर प्रोबा नावाची एक धनाढ्य विधवा आफ्रिकेत आश्रयाला आली होती. प्रार्थना कशी करावी, असे तिने त्यांना पत्राने विचारले. ऑगस्टीन यांच्या उत्तराचा आशय असा : प्रार्थनेतील शब्द देवाला बातमी कळवण्यासाठी नसतात. आपण काय मागतो आहोत याची आठवण ते मागणाऱ्यालाच करून देतात आणि त्याची इच्छा घडवतात. प्रभूच्या प्रार्थनेचा अर्थ लावायला हे सूत्र उपयोगी पडते. कशाची इच्छा आधी धरावी आणि कशाची नंतर, हे ही प्रार्थना शिकवते. तिचा अर्थ जसा तिच्या शब्दांत आहे तसाच तिच्या क्रमातही आहे.

दोन शुभवर्तमाने, दोन रूपे

नव्या करारात ही प्रार्थना दोन ठिकाणी येते. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात ती ‘डोंगरावरील प्रवचना’चा भाग आहे. तेथे दान, प्रार्थना आणि उपवास या तीन धर्मकृत्यांविषयी एकच गोष्ट तीनदा सांगितली आहे : लोकांना दिसावे म्हणून काही करू नये. रस्त्याच्या कोपऱ्यावर उभे राहून प्रार्थना करणाऱ्यांचे उदाहरण देऊन झाल्यावर ही छोटी प्रार्थना येते. लूकच्या अकराव्या अध्यायातील प्रसंग वेगळा आहे. येशू प्रार्थना आटोपतो आणि एक शिष्य म्हणतो, बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाने आपल्या शिष्यांना शिकवले तसे आम्हालाही शिकवा. त्या काळी गुरूच्या शिष्यगणाची अशी ओळखीची प्रार्थना असू शके. लूकने दिलेला पाठ मत्तयाच्या पाठापेक्षा आखूड आहे. सर्वांत जुन्या हस्तलिखितांत लूककडे देवाच्या इच्छेविषयीची आणि वाइटापासून सुटकेची मागणी नाही. उपासनेत सर्वत्र रूढ झाला तो मत्तयाचा पाठ.

ही प्रार्थना यहुदी परंपरेच्या मातीत उगवली आहे. ‘कद्दिश’ या अरामी भाषेतील यहुदी स्तोत्रात देवाचे नाम पवित्र मानले जावे आणि त्याचे राज्य लवकर यावे, या दोन मागण्या एकापाठोपाठ येतात. यहुदी लोक रोज म्हणतात त्या ‘अमिदा’ प्रार्थनेत क्षमा आणि अन्नधान्य यांसाठी विनवण्या आहेत. म्हणजे प्रभूच्या प्रार्थनेतील एकेक मागणी तेव्हाच्या श्रोत्यांच्या ओळखीची होती. नवी होती ती तिची निवड, तिचा नेमकेपणा आणि क्षमेच्या मागणीला जोडलेली अट.

‘दिदाखे’ या अगदी आरंभीच्या ख्रिस्ती आचारग्रंथात ही प्रार्थना दिवसातून तीन वेळा म्हणावी असा नियम दिला आहे. तिचा वापर रोजच्या दिनचर्येत व्हावा, ही कल्पना इतकी जुनी आहे.

आराखडा : आधी तीन, मग चार

प्रार्थनेची सुरुवात देवाला ‘पिता’ म्हणून हाक मारून होते. त्यानंतर मागण्या येतात. त्या सात मोजण्याची पद्धत ऑगस्टीन यांच्यापासून चालत आली आहे. शेवटच्या दोन एकच मानून सहा मोजणारेही आहेत. पहिल्या तीन मागण्या देवाविषयी आहेत : त्याचे नाम, त्याचे राज्य, त्याची इच्छा. पुढच्या चार माणसाविषयी आहेत : अन्न, क्षमा, मोहाच्या प्रसंगातून बचाव आणि वाइटापासून सुटका.

संकटातला माणूस एरवी प्रार्थना करतो ती नेमकी उलट्या टोकाने सुरू होते. आधी सुटका मागितली जाते, मग चुकीची माफी, मग पोटापाण्याची सोय. देवाच्या नामाची आठवण काम झाल्यावर, आभार मानताना येते. या प्रार्थनेत स्वतःची निकड चौथ्या क्रमांकापर्यंत थांबते. ती नाकारलेली नाही. अन्नाला तीत मानाची जागा आहे. पण अन्न मागण्याआधी तीन वेळा नजर स्वतःवरून हटवावी लागते.

दुसरी गोष्ट म्हणजे प्रार्थनेत ‘मी’, ‘मला’, ‘माझे’ हे शब्द कुठेही नाहीत. हाक मारली जाते ती ‘आमच्या’ पित्याला. अन्न, क्षमा, बचाव हे सगळे ‘आम्हाला’ हवे असते. तिसऱ्या शतकात कार्थेजचे बिशप सिप्रियन यांनी या प्रार्थनेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला आणि हा मुद्दा ठासून मांडला. एकटा माणूस दार लावून खोलीत ही प्रार्थना म्हणत असला तरी तो सगळ्यांच्या वतीने म्हणत असतो, असा त्यांचा अर्थ आहे. यातून एक अडचणीचा निष्कर्ष निघतो. ज्या भावाशी जमिनीचा वाद चालू आहे, ज्या शेजाऱ्याशी बोलणे बंद आहे, तोही या ‘आम्हा’मध्ये मोडतो. देवाला सामाईक पिता म्हटल्यावर त्याला वगळण्याची सोय उरत नाही.

नाम, राज्य, इच्छा

पहिली मागणी देवाचे नाम पवित्र मानले जावे ही आहे. देव मुळात पवित्रच असेल तर हे मागायचे का? उत्तर जुन्या करारातील यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथात सापडते. तेथे देवाची तक्रार अशी, की त्याचे म्हणवणाऱ्या लोकांच्या वागण्यामुळे परक्या राष्ट्रांत त्याच्या नावाची बेअब्रू झाली. नाम पवित्र राहते किंवा त्याला बट्टा लागतो, तो ते नाव लावणाऱ्यांच्या वर्तनामुळे. सकाळी प्रार्थना म्हणून दुकान उघडणाऱ्याने मापात मारले तर गिऱ्हाईक त्या दुकानदाराला नावे ठेवतेच, शिवाय त्याच्या धर्मालाही ठेवते. ही मागणी म्हणजे देवाच्या नावाला आपल्यामुळे कमीपणा येऊ नये, अशी स्वतःसाठीची विनंती आहे.

दुसरी मागणी देवाच्या राज्याची. शुभवर्तमानांत ‘देवाचे राज्य’ म्हणजे मृत्यूनंतरचे ठिकाण एवढाच अर्थ नाही. देवाची सत्ता चालते अशी स्थिती, जिथे भुकेल्याला जेवण मिळते, आजाऱ्याची विचारपूस होते, दुबळ्याला न्याय मिळतो, ते राज्य. पहिल्या शतकातील गालील रोमनांच्या वर्चस्वाखाली होता आणि तेथे त्यांचा मांडलिक हेरोद अंतिपा राज्य करत होता. कर, वेठ आणि सैनिकांची जरब ही रोजची होती. अशा ठिकाणी दुसऱ्या एका राज्याची मागणी करणे ही साधी गोष्ट नव्हती. आहे ती व्यवस्था शेवटची नाही, हे त्या मागणीत गृहीत धरलेले होते.

तिसरी मागणी सर्वांत जास्त गैरसमजाची धनी झाली आहे. देवाची इच्छा पूर्ण होवो, हे शब्द बहुतेकदा हात टेकल्यावर ओठांवर येतात. डॉक्टरांनी मान हलवली, कोर्टाचा निकाल विरुद्ध गेला, पीक वाहून गेले, की मग ‘देवाची मर्जी’. प्रार्थनेतील मागणी मात्र पुढे जाते. स्वर्गात देवाची इच्छा जशी चालते तशी ती पृथ्वीवरही चालावी, असे तीत म्हटले आहे. याचा अर्थ पृथ्वीवर ती अजून तशी चालत नाही, हे मान्य आहे. अन्याय, उपासमार, क्रौर्य यांना देवाची इच्छा म्हणून पाठीशी घालण्याची वाट त्यामुळे बंद होते. आजाऱ्याने ही मागणी करावी आणि औषधही घ्यावे. पीडिताने ही मागणी करावी आणि तक्रारही नोंदवावी. दोन्हींत विरोध नाही.

स्वीकाराची बाजूही तीत आहे, आणि ती स्वतः येशूच्या चरित्रात दिसते. अटकेच्या रात्री यरुशलेमजवळ जैतून डोंगराच्या पायथ्याशी गेथशेमाने बागेत तो आधी समोरचे दुःख टळावे अशी उघड विनवणी करतो. ती करून झाल्यावरच तो देवाच्या इच्छेला मान तुकवतो. क्रम इथेही महत्त्वाचा आहे. भीती आणि इच्छा लपवून ठेवून केलेला स्वीकार हा नुसता देखावा ठरतो. जे वाटते ते आधी बोलावे, जे करता येईल ते करावे आणि जे हाताबाहेर आहे ते सोपवावे, अशी ही पायरी आहे.

आजपुरती भाकर

चौथी मागणी अन्नाची, आणि संपूर्ण प्रार्थनेतील एकमेव भौतिक मागणी. संपत्ती, संतती, यश, दीर्घायुष्य यांपैकी काहीच तीत नाही. फक्त भाकर, तीही आजची.

या ‘आज’चे वजन समजण्यासाठी पहिल्या श्रोत्यांचे जगणे पाहावे लागते. त्यांच्यात रोजंदारीवर राबणारे पुष्कळ होते. मत्तयाच्या विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याच्या दाखल्यात मजुरांचा अड्डा हुबेहूब दिसतो. मळ्याचा मालक पहाटे चौकात जातो आणि एक दीनार रोजाने माणसे ठरवतो. संध्याकाळी पाच वाजताही काही माणसे तिथेच उभी असतात, कारण त्यांना दिवसभर कोणी कामावर बोलावलेले नसते. दिवस मावळताना मजुरी चुकती होते. हा नियम जुन्या करारातील अनुवाद या ग्रंथात आहे : गरीब मजुराचे पैसे सूर्यास्तापूर्वी द्यावेत, कारण त्याचा जीव त्यावर टांगलेला असतो. ज्याच्या घरी रात्रीचे पीठ आजच्या मजुरीतून यायचे, त्याच्यासाठी ‘आजची भाकर’ ही त्या रात्रीची चूल होती.

या मागणीमागे आणखी एक जुनी कथा आहे. निर्गम ग्रंथात रानातून जाणाऱ्या इस्राएली लोकांना ‘मान्ना’ नावाचे अन्न रोज सकाळी मिळते. प्रत्येकाने आपल्यापुरते गोळा करायचे. ज्यांनी दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवले त्यांच्या मान्नात सकाळपर्यंत किडे पडले आणि घाण सुटली. फक्त शब्बाथाच्या, म्हणजे साप्ताहिक विश्रांतीच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी दुप्पट घेण्याची मुभा होती. पुरेसे किती, हे शिकवणारी ही कथा आहे.

मग बचत, विमा, धान्याची कणगी हे सगळे अविश्वासाचे लक्षण मानायचे का? प्रार्थना तसे म्हणत नाही. शब्बाथाची दुप्पट बेगमी हीसुद्धा तरतूदच होती. उद्याची तयारी करणे वेगळे आणि उद्याच्या काळजीने आजचे जेवण गोड न लागणे वेगळे. मत्तयाच्या याच अध्यायाचा शेवट उद्याची चिंता उद्यावर सोडण्याच्या उपदेशाने होतो.

‘भाकर’ या शब्दात काय काय बसते, याची लांबलचक यादी मार्टिन ल्यूथर यांनी १५२९ च्या आपल्या लहान प्रश्नोत्तरीत दिली. अन्न, वस्त्र, घर, शेत, गुरे, पैसा यांच्यासोबत त्यांनी चांगले सरकार, चांगले हवामान, शांतता, आरोग्य आणि विश्वासू शेजारीही त्यात घातले. ताटातली भाकर तेथे पोहोचायला काय काय लागते, याचाच तो हिशेब आहे. आजच्या भाषेत त्यात रस्ता, वीज, बाजारभाव आणि रेशन दुकान घालता येईल.

आणि मागणी ‘आम्हाला’ची आहे. लूकच्या शुभवर्तमानात प्रार्थनेनंतर लगेच येणारा दाखला हेच दाखवतो. मध्यरात्री एक माणूस मित्राचे दार ठोठावून तीन भाकरी मागतो. त्या त्याला स्वतःसाठी नको असतात. त्याच्या दारी अवेळी पाहुणा आलेला असतो आणि घरात वाढायला काही नसते. स्वतःचे पोट भरलेल्या माणसानेही ही मागणी का म्हणायची, हे या दाखल्यातून कळते.

कर्ज आणि क्षमा

पाचवी मागणी क्षमेची आहे. मत्तय तिथे कर्जाची भाषा वापरतो, लूक पापाची. कर्ज ही गोष्ट पहिल्या शतकातील शेतकऱ्याला नीट माहीत होती. एखादे साल बुडाले की कर्ज, कर्ज फिटले नाही की जमीन गेली, जमीन गेली की मजुरी किंवा गुलामी. अपराध म्हणजे न फेडलेले देणे आणि क्षमा म्हणजे ते खातेच बंद करणे, हे रूपक त्यांना समजावून सांगावे लागत नव्हते.

सातपैकी फक्त या मागणीला माणसाच्या वागण्याची जोड दिली आहे. आम्ही आमच्या ऋणकोंना सोडले आहे, त्याप्रमाणे आम्हाला सोड, असा तिचा आशय आहे. प्रार्थना संपल्यावर मत्तयाने भाष्य जोडले आहे तेही याच एका मागणीवर : क्षमा न करणाऱ्याला क्षमा मिळणार नाही.

ही अट इतकी कडक का, हे मत्तयाच्या अठराव्या अध्यायातील दाखल्यात आकड्यांनी सांगितले आहे. राजाच्या एका सेवकावर दहा हजार तालांत कर्ज आहे. तो गयावया करतो आणि राजा सगळे माफ करतो. बाहेर पडताच त्याला एक सोबती भेटतो, ज्याच्याकडे त्याचे शंभर दीनार येणे आहे. सेवक त्याचा गळा धरतो आणि त्याला तुरुंगात टाकतो. एक तालांत म्हणजे सुमारे सहा हजार दीनार, आणि एक दीनार म्हणजे मजुराचा एक दिवस. दहा हजार तालांत म्हणजे सहा कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला तीनशे दिवस काम धरले तर हे कर्ज फिटायला दोन लाख वर्षे लागतील. शंभर दीनार मात्र तीन-चार महिन्यांच्या कमाईइतके, म्हणजे फिटण्याजोगे. दोन्ही रकमांचे प्रमाण सहा लाखांस एक पडते. सोबत्याचे देणे खोटे नव्हते, छोटेही नव्हते. पण स्वतःला माफ झालेल्या रकमेशेजारी ठेवले की ते वसूल करण्याचा हट्ट हास्यास्पद वाटू लागतो. अटीचे मर्म इथे आहे. क्षमा करून माणूस देवाची क्षमा विकत घेत नाही. स्वतःला काय मिळाले आहे, हे कळलेला माणूस दुसऱ्याचा गळा धरू शकत नाही, एवढेच ती अट सांगते.

या मागणीचा वापर सामूहिक जीवनात कसा झाला, याचे एक बोलके उदाहरण सहाव्या शतकातील बेनेडिक्ट यांच्या मठनियमांत आहे. सकाळच्या आणि संध्याकाळच्या उपासनेच्या शेवटी मठप्रमुखाने ही प्रार्थना सर्वांना ऐकू जाईल अशी मोठ्याने म्हणावी, असा तो नियम आहे. त्याचे कारणही तेथेच दिले आहे. एकत्र राहणाऱ्या माणसांत कुरबुरींचे काटे उगवतात. क्षमेचे वचन रोज दोनदा कानी पडले की प्रत्येकाने आपले मन साफ करावे. एकाच स्वयंपाकघरात, एकाच कचेरीत किंवा एकाच चाळीत राहणाऱ्यांना या नियमाची गरज वेगळी समजावून द्यावी लागणार नाही.

क्षमेची मर्यादाही स्पष्ट असलेली बरी. क्षमा म्हणजे झालेल्या अन्यायाला अन्याय न म्हणणे असे नाही. मारहाण करणाऱ्या माणसाच्या घरी परत जाणे, गुन्हा लपवणे किंवा फसवणाऱ्याच्या हाती पुन्हा व्यवहार देणे ही क्षमेची अट नाही. कर्ज माफ करायचे तर ते कर्ज होते, हे आधी मान्य करावे लागते. सूड घेण्याचा आणि मनात राग पोसत राहण्याचा हक्क सोडणे म्हणजे क्षमा. कायद्याची वाट त्यानंतरही मोकळी असते.

मोहाचा प्रसंग आणि वाइटापासून सुटका

सहाव्या मागणीत आम्हाला मोहात, कसोटीत आणू नकोस, असे म्हटले जाते. ती ऐकून प्रश्न पडतो : देव माणसाला मोहात पाडतो का? नव्या करारातील याकोबाच्या पत्रात याचे उत्तर ठाम नकारार्थी आहे. देव कोणालाही मोहात घालत नाही. माणूस स्वतःच्या वासनेने ओढला जातो, असे ते पत्र सांगते. तेव्हा या मागणीचा रोख देवावरील आरोपाकडे नसून माणसाच्या दुबळेपणाच्या कबुलीकडे आहे. माझी ताकद मर्यादित आहे, ती संपेल अशा ठिकाणी मी जाऊन उभा राहू नये, असे ती म्हणते.

येशूचा शिष्य पेत्र याच्या गोष्टीत हे स्पष्ट दिसते. अटकेच्या रात्री तो छातीठोकपणे सांगतो, की बाकीचे सगळे पळाले तरी तो येशूला सोडणार नाही. गेथशेमानेत येशू त्याला जागे राहून प्रार्थना करायला सांगतो, मोहात पडू नये म्हणून. पेत्र झोपी जातो. त्याच रात्री प्रमुख याजकाच्या अंगणात एक दासी त्याला ओळखते आणि कोंबडा आरवण्यापूर्वी तो येशूची ओळख तीनदा नाकारतो. त्याच्यापुढे तलवार घेतलेला सैनिक नव्हता. प्रश्न विचारणारी एक मुलगी होती. माणूस बहुधा अशाच साध्या प्रसंगात घसरतो.

व्यवहारात ही मागणी सावधपणा शिकवते. दारू सोडलेल्या माणसाने गुत्त्यावरून जाणारा रस्ता बदलणे, पैशांचे व्यवहार हाताळणाऱ्याने दुसऱ्याची सही आवश्यक ठेवणे, रागीट माणसाने उत्तराचा मेसेज सकाळपर्यंत न पाठवणे, हे सगळे याच मागणीचे आचरण आहे. सातवी मागणी याच धाग्याने पुढे जाते आणि वाइटाच्या तावडीतून सुटका मागते. काही वाईट गोष्टी एकट्याच्या निश्चयाने सुटत नाहीत. व्यसन, कर्जाचा विळखा, जातीचा किंवा धर्माचा द्वेष यांतून बाहेर पडायला मदत लागते. ती मागण्यात कमीपणा नाही, हे ही शेवटची मागणी सांगते.

गौरवाची ओळ आणि आमेन

प्रार्थनेच्या शेवटी राज्य, सामर्थ्य आणि गौरव देवाचे आहेत, अशी एक ओळ अनेक मंडळ्यांत म्हटली जाते. ती मत्तयाच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत नाही, लूककडेही नाही. ‘दिदाखे’त मात्र तिचे थोडे छोटे रूप आहे. उपासनेत प्रार्थनेचा समारोप करताना ती जोडली गेली असे अभ्यासक मानतात. म्हणून कॅथलिक परंपरेत प्रार्थना सुटकेच्या मागणीवर संपते, तर प्रोटेस्टंट मंडळ्यांत गौरवाच्या ओळीवर. ‘आमेन’ म्हणजे ‘तसेच असो’; प्रार्थनेवर म्हणणाऱ्याने केलेली ती सही आहे.

मराठी मुलखात

मराठी आणि कोंकणी मुलखात ही प्रार्थना चार शतकांहून अधिक काळ म्हटली जात आहे. १५७९ मध्ये गोव्यात आलेले मूळचे इंग्लंडचे जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओवीत ‘क्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले. त्यांची कोंकणीतील ख्रिस्ती प्रश्नोत्तरी त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये निघाली. पुढे मिशनरी विल्यम केरी यांच्या देखरेखीखाली सेरामपूरला १८११ मध्ये मराठी नवा करार छापला गेला. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून, खेड्यातील बायकांना कळेल अशा मराठीत संपूर्ण बायबलचे भाषांतर केले. ते त्यांच्या निधनानंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. वसईच्या कॅथलिक घरांपासून अहिल्यानगर आणि जालन्याच्या मंडळ्यांपर्यंत शब्द थोडेफार बदलतात, मागण्यांचा क्रम बदलत नाही.

रोज तेच शब्द का?

पाठ केलेली प्रार्थना यांत्रिक होते, हा आक्षेप खरा आहे. येशूनेही पोकळ पुनरुक्तीला विरोध केला होता. तरीही पुनरावृत्तीचे एक काम आहे. गवंडी भिंत बांधताना प्रत्येक थराला ओळंबा लावतो. कालचा थर सरळ होता म्हणून आज तो ओळंबा पिशवीत ठेवत नाही, कारण भिंत कलते ती एकदम न कलता दोऱ्यादोऱ्याने कलते. रोजची प्रार्थना हा असा ओळंबा आहे. शब्द तेच राहतात म्हणूनच आपण कुठे कललो ते कळते.

फ्रेंच विचारवंत सिमोन वेल यांनी १९४१ मध्ये ही प्रार्थना मूळ ग्रीकमध्ये पाठ केली. त्या साली द्राक्षांच्या तोडणीला मजुरीवर जात असताना त्या ती रोज कामाआधी आणि मळ्यात काम करतानाही म्हणत. मध्येच लक्ष विचलित झाले तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची, असा त्यांचा नेम होता. हा नेम कोणालाही पाळता येण्यासारखा आहे. एका दिवशी एकाच मागणीवर थांबणे ही दुसरी सोपी रीत. सात मागण्या आणि आठवड्याचे सात दिवस यांचा मेळ आपोआप बसतो.

चौकट : सात मागण्या आणि रोजचा प्रश्न

• नाम : माझ्या वागण्याने देवाच्या नावाला बट्टा लागतो आहे का?
• राज्य : माझ्या हातातील अधिकार दुबळ्याच्या बाजूने वापरला जातो का?
• इच्छा : करण्याजोगे काय आहे आणि सोपवण्याजोगे काय?
• भाकर : मला आज पुरेसे किती, आणि शेजारी कोण उपाशी आहे?
• क्षमा : कोणाचे जुने खाते मी अजून उघडे ठेवले आहे?
• मोह : माझी घसरण्याची जागा कोणती, आणि मी तिच्यापासून लांब आहे का?
• सुटका : कोणत्या गोष्टीसाठी मी मदत मागायला हवी?

अर्थ कळल्याची खूण

ही प्रार्थना श्रद्धेने म्हणणाऱ्याला ती देवाशी बोलणे वाटेल. श्रद्धा नसलेल्याला ती इच्छांचा क्रम तपासण्याचे साधन म्हणूनही वाचता येईल. दोघांनाही एक गोष्ट सारखीच लागू पडते. बाकीच्या सहा मागण्यांत माणूस फक्त हात पसरतो. पाचवीत मात्र त्याला स्वतःचे काही सोडावे लागते. प्रार्थना नुसती पाठ आहे की समजली आहे, हे तिथेच ठरते.